बेगमी : डब्यात नेमके काय आहे?

माझ्या भाच्याला गहू चालत नाही. आठव्या वर्षी तपासणीत सिलिअ‍ॅक हा आजार निघाला. गव्हातल्या आणि जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे अशा माणसाचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. निदान झाले त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीने कणीक, रवा, मैदा, शेवया असे सगळे घराबाहेर काढले आणि ज्वारी-तांदळासाठी घरगुती चक्की घेतली. तरी सात महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा आकडा हवा तसा उतरलेला नव्हता. आहारतज्ज्ञ बाईंनी तिच्या स्वयंपाकघरातल्या एकेका डब्याची चौकशी केली आणि शेवटी विचारले, "हिंग कोणता वापरता?"

डबीच्या पाठीवर बारीक अक्षरांत घटक छापलेले होते : खाण्याचा डिंक, गव्हाचे पीठ, हिंग. कुणी काही लपवलेले नव्हते. आम्हीच तीन पिढ्या ती डबी उघडत होतो आणि वाचत नव्हतो.

त्यानंतर मी माझ्या स्वतःच्या फडताळातला एकेक डबा घेऊन बसले. हा लेख त्या बसण्यातून झाला आहे.

आमच्या आईच्या तोंडी यासाठी शब्द होता 'बेगमी'. चैत्र-वैशाखात मिरच्या, हळद, डाळी, आमसुले, चिंच, मीठ भरून ठेवायचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द मूळ फारसी आहे. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे दुःख, काळजी. बेगमी म्हणजे निश्चिंती. साठा हा त्या शब्दाचा नंतरचा अर्थ आहे. आज मोठ्या दुकानांत काचेच्या बाटलीला सुतळी बांधून 'आर्टिझन' म्हणून जो मसाला तिप्पट दराने मिळतो, तो घेऊन निश्चिंती येते का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. माझे उत्तर असे की, किमतीने ती येत नाही. डब्यात पडण्याआधी त्या जिनसाचे कुणी काय केले, हे कळले तर थोडीफार येते.

हिंगापासूनच सुरुवात करते. फेरुला नावाच्या, गाजराच्या कुळातल्या झुडपाच्या मुळाला चिरा देऊन जो चीक गोळा करतात, तो वाळला की हिंग होतो. झाड चीक द्यायला साधारण पाच वर्षे घेते. आपण हिंगाशिवाय आमटी करत नाही, पण तो आपल्याकडे पिकत नव्हता. इराण, अफगाणिस्तान, उझबेकिस्तानातून येत होता आणि अजूनही बहुतेक तिथूनच येतो. वर्षाला सुमारे १२०० टन कच्चा हिंग आपण आयात करतो, असे पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने २०२० साली सांगितले होते. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला या संस्थेने लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावी इराणी बियाण्याचे पहिले रोप लावले. एवढ्या वर्षांच्या फोडण्यांनंतर!

हा कच्चा हिंग चिकट असतो आणि इतका उग्र की मुगाएवढा खडा भांडेभर आमटीला पुरून उरतो. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात. त्याला बांधानी हिंग म्हणतात. ही भेसळ नव्हे, हे मला आधी मान्य करावे लागले. कायद्यानेच दोन वेगळे जिन्नस मानले आहेत : शुद्ध हिंगात मद्यार्कात विरघळणारा अंश किमान १२ टक्के हवा, बांधानीत ५ टक्के पुरतो. पीठ गव्हाचे की तांदळाचे, हे उत्पादकाच्या सोयीवर. तुमच्या-माझ्या घरी त्याने काही बिघडत नाही. पण ज्या घरात आमटीत, भाजीत, ताकात, लोणच्यात, पापडात रोज हिंग पडतो, तिथे चिमटी-चिमटीने किती पीठ पोटात जाते, याचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता.

घरी परीक्षा करता येते. शुद्ध खडा ज्योतीवर धरला तर कापरासारखा पेटतो आणि पाण्यात उगाळला तर पाणी दुधाळ होते. पाण्यात कालवलेल्या बांधानीवर आयोडीनचा थेंब टाकला तर निळा रंग येतो, म्हणजे पीठ आहे. मी हे उत्साहाने बहिणीला करून दाखवले आणि मग लक्षात आले की तांदळाच्या पिठालाही निळाच रंग येतो. ज्या प्रश्नासाठी आम्ही बसलो होतो, त्याचे उत्तर त्या थेंबात नव्हतेच. घरगुती परीक्षांविषयी तेव्हापासून मी जरा जपून बोलते.

हळदीत ही मर्यादा जास्त बोचते. 'पाण्यात टाका, खाली बसली तर शुद्ध' असे सगळेच सांगतात. रंग विरघळणारा असेल तर त्याने काही कळेलही. पण हळदीतली सर्वांत घातक भेसळ म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचे पिवळे संयुग, आणि ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी दाखवून दिले की हे रंगद्रव्य पुडीत नव्हे, तर आधीच, हळकुंडे पॉलिश करताना चोळले जात होते. गिऱ्हाइकाला पिवळाधमक, गुळगुळीत खडा आवडतो, म्हणून. तिथल्या सरकारने जाहीर तंबी दिली, दंड केले, आणि दोन वर्षांत बाजारातल्या नमुन्यांतले शिशाचे प्रमाण ४७ टक्के नमुन्यांवरून शून्यावर आले. म्हणजे हे थांबवता येते. पण 'अख्खे हळकुंड घ्या, मग भीती नाही' हा आपला जुना सल्ला अपुरा आहे, हेही त्यातून कळते. मी आता हळकुंड घेते ते खडबडीत, मळकट दिसणारे. मोडताना खटकन आवाज यावा आणि आत नारिंगी रंग दिसावा. चकचकीत दिसले की हात मागे घेते.

हळदीचा विषय निघाला की मला हरिपूर आठवते. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी हळदीची पेवे होती : जमिनीत खोल खणलेले, वर अरुंद तोंडाचे आणि आत पोट सुटलेले हौद. शेण-मातीने सारवलेल्या त्या पोटात हळद भरून तोंड बंद केले की वर्षानुवर्षे कीड लागत नसे, कारण किडीला लागणारी हवाच आत उरत नसे. म्हणूनच पेव उघडल्यावर काही तास थांबून मग माणूस उतरत असे. तिथल्या एका आजोबांनी मला सांगितले, "घाई केली तर पेव माणूस ठेवून घेतं." २००५ च्या महापुरात यातली बहुतेक पेवे पाण्याखाली गेली. आता माल गोदामांत आणि शीतगृहांत असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, वर्ध्याच्या वायगाव हळदीला त्याआधी २०१६ साली. मानांकन चांगलेच आहे, फक्त त्याचा अर्थ नीट घ्यावा : हा माल अमुक मुलखातला, एवढेच ते सांगते. पुडीत मध्ये कुणाचा हात लागला, हे त्यात येत नाही.

मिरचीचे थोडक्यात सांगते. ब्याडगी रंगाला, लवंगी किंवा संकेश्वरी तिखटाला, हे प्रत्येक घरी ठाऊक असते. सुरकुतलेल्या ब्याडगीत रंग इतका असतो की तिचा अर्क लिपस्टिकपर्यंत पोचतो. तयार पुडीतला लाल रंग मात्र नेहमी मिरचीचाच असतो असे नाही. सुदान नावाचा कारखान्यातला रंग सापडल्यामुळे २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले होते. रंगापेक्षाही मी ओल पाहते. मिरची हलवली की बिया वाजल्या पाहिजेत, आणि दोन-चार फोडून आत काळे किंवा पांढुरके दिसले तर ते पोते नको. बुरशीचे विष डंकावर कुटल्याने किंवा भाजल्याने जात नाही.

कोकमाकडे येताना मन जरा हलके होते, कारण त्यात डोळ्यांनी दिसणारी कारागिरी आहे. फळाच्या साली वाळवायच्या, गराच्या मीठ घातलेल्या रसात भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या, पुन्हा रस. जितकी पुटे तितके आमसूल दाट, काळपट, मऊ. फळ पिकते उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे वळवाच्या पावसाच्या तोंडावर, आणि म्हणून ऐन वेळी सर आली की पुट राहते आणि सालीचे नुसते आंबट चामडे होते. दोन्हींना दुकानात आमसूलच म्हणतात, दरही फार वेगळा नसतो. चिमटीत दाबून पाहिले की फरक कळतो. तिरफळातली काळी बी काढून टाकलेली आहे ना, तेही असेच बोटांनी पाहावे. चव सालीत असते आणि बी दाताखाली वाळूसारखी येते.

गुळाचीही हीच गत. रस उकळताना मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालण्याची जुनी रीत आहे. पण आपल्याला सोनेरी ढेप हवी असते, म्हणून 'हायड्रॉस' नावाची भुकटी पडते. पिवळा रंग हा आपला हट्ट आहे. हळदीतही तोच, गुळातही तोच.

वर्षाचे सगळे एकदम भरावे, असे मी आता म्हणत नाही. आईच्या घरी बारा माणसे जेवत होती, आम्ही दोघे. कुटलेल्या मसाल्याचा वास तीन-चार महिन्यांत उतरतो, हळदीचा रंग उजेडाने विटतो. म्हणून हळकुंडे, मिरच्या, धणे अख्खे ठेवते आणि थोडेथोडे कुटून आणते, काचेच्या देखण्या बाटल्यांऐवजी पत्र्याच्या डब्यात भरते. डब्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवते : कुठून आणले, कोणत्या महिन्यात, अख्खे की कुटलेले. आईला असल्या चिठ्ठ्या लागल्या नाहीत. ती ज्या वाण्याकडून घेत असे, त्याला आमच्या घरात कोण आजारी आहे हेही माहीत असे.

बहिणीने आता शुद्ध खडा हिंग आणला आहे. तो एका डबीत, ती डबी दुसऱ्या डब्यात, आणि तरी फडताळ उघडले की भाचा नाक धरतो. पुढच्या तपासणीत त्याचा आकडा उतरला. एकट्या हिंगामुळे, असे मी म्हणणार नाही. त्याच महिन्यात बाहेरचे पापड आणि लोणचेही बंद झाले होते. त्या दोन्हींत बांधानी हिंगच होता.