विषाणूचे रिकामे कवच

लस कशी तयार होते हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. रोगजंतू प्रयोगशाळेत वाढवायचा, त्याला मारायचा किंवा दुबळा करायचा आणि मग टोचायचा. पण जंतू काचपात्रात वाढायलाच तयार नसेल तर? यकृताला सूज आणणाऱ्या ‘हिपॅटायटिस बी’चा विषाणू असाच हट्टी निघाला.

त्याचा माग लागला तो भलत्याच शोधातून. अमेरिकेतील बारूच ब्लुमबर्ग हे निरनिराळ्या लोकांच्या रक्तातील प्रथिनांचे फरक तपासत होते. (पदवीला त्यांचा विषय भौतिकी होता, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही!) १९६३ साली, अनेकदा परक्याचे रक्त घ्यावे लागलेल्या एका रुग्णाचा रक्तद्रव आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीचा रक्तद्रव अगारच्या थरात समोरासमोर आले आणि मध्ये एक रेषा उमटली. त्या अनोळखी पदार्थाला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हणू लागले. तो या विषाणूच्या बाहेरच्या कवचाचा पदार्थ आहे, हे पुढे कळले.

आता गंमत पाहा. अखंड विषाणूचा व्यास सुमारे ४२ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पण रोग्याच्या रक्तात त्याहून कितीतरी जास्त संख्येने २२ नॅनोमीटरचे गोळे असतात. ही नुसती कवचे! आत जनुके नाहीत, म्हणून त्यांची वाढ होत नाही. शरीर मात्र त्यांना ओळखून प्रतिपिंडे तयार करते. मग हीच लस का नको? ब्लुमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्ये ही कल्पना मांडली. कवचांची घनता अखंड विषाणूपेक्षा कमी असते. त्यामुळे अतिवेगाने फिरणाऱ्या अपकेंद्रित्रात दोघांचे थर वेगळे पडतात.

तरी एखादा अखंड विषाणू मागे राहिला तर? मॉरिस हिलमन यांनी पेप्सिन, युरिया आणि फॉर्माल्डिहाइड असे तीन मारे एकामागून एक केले. न्यूयॉर्कमध्ये १,०८३ स्वयंसेवकांवर चाचणी झाली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला.

पण रोग्यांचे रक्त किती मिळणार? शिवाय लोकांना त्याची धास्ती. १९८६ पासून कवचाचे जनुक यीस्टमध्ये घालून लस बनू लागली. रक्ताची गरजच संपली. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची अशी लस १९९७ मध्ये आली.

घरात तान्हे बाळ असेल तर त्याचे लसीकरणाचे कार्ड पाहा. या लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. इतकी घाई का? तान्हेपणी लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बालकांत हा विषाणू कायमचा ठाण मांडतो; प्रौढांत मात्र फार थोड्यांत.