विज्ञानाची घटक चाचणी काढताय? आधी संविधान तक्ता!

प्रश्न सुचतील तसे लिहीत सुटू नका. कोणत्या घटकाला किती गुण, त्यातले ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य यांना किती, हे आधी तक्त्यात मांडा. २० पैकी १० गुण व्याख्यांवरच गेले तर तपासलं काय? पाठांतर!

खरी गंमत बहुपर्यायी प्रश्नांत. ‘चंद्राच्या कला कशामुळे दिसतात?’ याला ‘चंद्रावर पडणाऱ्या पृथ्वीच्या सावलीमुळे’ हा पर्याय हवाच. कितीतरी मुलं (आणि मोठेही!) तिथेच फसतात, ती सावली पडते चंद्रग्रहणात. असा पर्याय दिला की मुलाचा नेमका गैरसमज हाती लागतो. ‘वरीलपैकी सर्व’ मात्र शक्यतो टाळाच.

आणि हो, प्रश्नपत्रिकेसोबतच नमुना उत्तरं लिहून काढा. संदिग्ध प्रश्न तिथेच सापडतात.