कोळसा जुना, जबाबदारी नवी

गोळी पोटात गेली की तिचे काम संपले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याच औषधांचा काही भाग जसाच्या तसा किंवा थोडे रूप बदलून लघवीवाटे बाहेर पडतो, गटारात जातो आणि तिथून नदीला मिळतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोफिब्रिक आम्ल सापडले. रक्तातील चरबी कमी करणाऱ्या क्लोफायब्रेट या औषधाचे शरीरात होणारे हे रूप. सोबत ॲस्पिरिनपासून तयार होणारे सॅलिसिलिक आम्लही होते. ही नोंद छापून आली, पण पुढची दीड दशके तिच्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. त्या नोंदीला आता पन्नास वर्षे होत आली. पाण्यातली औषधे काढण्याच्या प्रयत्नांचा मागोवा तिच्यापासूनच घ्यायला हवा.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमधील रसायनशास्त्रज्ञ भूजलात तणनाशके शोधत होते. त्यांच्या हाती पुन्हा तेच क्लोफिब्रिक आम्ल लागले. भूजलात तर होतेच, नळाच्या पाण्यातही होते. १९९८ साली थॉमस टर्नेस यांनी जर्मनीतील सांडपाणी केंद्रे आणि नद्यांमधील ३२ औषधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने ३० राज्यांतील १३९ प्रवाहांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ८० टक्के प्रवाहांत औषधे, संप्रेरके किंवा घरगुती रसायने आढळली. बहुतेक ठिकाणी प्रमाण लिटरमागे काही नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम इतकेच होते. एवढ्याने काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर २००७ मध्ये कॅनडाने दिले. ओंटारिओतील प्रयोगासाठी राखलेल्या एका तलावात शास्त्रज्ञांनी गर्भनिरोधक गोळीतील कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम इतकेच मिसळले होते. नर माशांमध्ये मादीची लक्षणे आली आणि फॅटहेड मिनो या छोट्या माशाची तिथली संख्या जवळपास संपली.

त्याच वर्षी आपल्या शेजारच्या हैदराबादजवळील पाटणचेरूची आकडेवारी जगापुढे आली. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तिथल्या सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही इतके प्रमाण नसते. आणि हे प्रक्रिया केलेले पाणी होते. अशा पाण्यात जगूनवाचून राहणारे जंतू प्रतिजैविकांना दाद न देणारेच असतात. तेव्हा हा प्रश्न केवळ माशांचा नाही. उद्या आपल्या घरातल्या आजाऱ्याला औषध लागू पडेल की नाही, याचा आहे.

नेहमीची सांडपाणी प्रक्रिया जिवाणूंच्या भरवशावर चालते. विष्ठा, साबण, अन्नकण ते खाऊन टाकतात. पण अपस्मारावरचे कार्बामाझेपिन ते जवळजवळ अख्खे सोडून देतात आणि वेदनाशामक डायक्लोफिनॅकही बऱ्याच अंशी निसटते. इथे कामी आला तो कोळसा, आणि तो काही नवा नव्हता. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये योहान टोबियास लोविट्झ यांनी कोळशाने द्रावणाचा रंग जातो हे दाखवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सक्रिय कोळसा कारखान्यात बनवण्याची पेटंटे निघाली, पहिल्या महायुद्धात तो विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत गेला आणि १९३०च्या सुमारास अमेरिकेतील शहरे पिण्याच्या पाण्याचा वास घालवण्यासाठी त्याची भुकटी वापरू लागली. आपल्या स्वयंपाकघरातील जलशुद्धीकरण यंत्रातही तोच बसलेला असतो.

लाकूड, दगडी कोळसा किंवा नारळाची करवंटी हवेविना भाजून, मग वाफेने किंवा रसायनाने आतून कोरली की तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे पृष्ठभाग सामावलेला असतो. पाण्यात फारसे न रमणारे औषधाचे रेणू या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात. ज्यांच्यात बेंझिनसारखी सपाट वलये आहेत ते कार्बनच्या थरांना अधिक घट्ट धरतात. यालाच अधिशोषण म्हणतात. म्हणून कार्बामाझेपिन चांगले पकडले जाते, तर क्ष-किरण तपासणीआधी टोचली जाणारी आयोडीनयुक्त द्रव्ये पाण्यातच रमतात आणि बरीचशी निसटतात. दुसरी अडचण सांडपाण्यातल्या इतर सेंद्रिय पदार्थांची. एसटी फलाटाला लागताच आधी घुसलेल्यांनी जागा धराव्यात, तशी ती छिद्रे हेच पदार्थ अडवून बसतात आणि औषधाच्या मोजक्या रेणूंना जागा उरत नाही.

नवी द्रव्ये इथेच पुढे आली. १९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले, २००४ मध्ये कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा करण्यात आला. पाठोपाठ ग्राफीन ऑक्साइड, तसेच उसाचे चिपाड, भाताचे तूस, फळांच्या साली यांपासून केलेला जैवकोळसा यांवर शोधनिबंधांचा पूर आला. त्यातून अधिशोषणाची समज निश्चितच वाढली. पण यातले बरेचसे प्रयोग शुद्ध पाण्यात एकच औषध, तेही नदीत असते त्याच्या हजारो पट मिसळून केलेले आहेत. शहराच्या सांडपाण्यात ते द्रव्य किती दिवस टिकेल, किलोला किती पडेल, वापरून झाल्यावर त्याचे काय करायचे, हे प्रश्न पुढच्या निबंधावर ढकलले गेले. ज्या देशांत काम उभे राहिले तिथे ते मुख्यतः साध्या सक्रिय कोळशावर आणि औषधांचे रेणू मोडणाऱ्या ओझोन वायूवर उभे राहिले.

स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०१६ पासून कायदाच लागू केला. देशातल्या सातशेहून अधिक केंद्रांपैकी निवडक सुमारे शंभर केंद्रांनी औषधांसारख्या सूक्ष्म प्रदूषकांपैकी ८० टक्के काढलीच पाहिजेत. त्यासाठी सांडपाणी जोडणी असलेल्या प्रत्येक रहिवाशामागे वर्षाला कमाल ९ फ्रँक आकार बसवला आणि त्या निधीतून उभारणीचा ७५ टक्के खर्च उचलला. लिटरमागे दहा-वीस मिलिग्रॅम कोळशाची भुकटी हे काम करते. ती गाळात उतरते, गाळ जाळला जातो आणि पकडलेली औषधेही जळून जातात. दाणेदार कोळसा मात्र भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतो. पुढे युरोपीय संघाने २०२४च्या निर्देशानुसार दीड लाख लोकसंख्येच्या तोडीचे सांडपाणी घेणाऱ्या मोठ्या केंद्रांना २०४५ पर्यंत सूक्ष्म प्रदूषके काढणारा हा प्रक्रियेचा चौथा टप्पा सक्तीचा केला आणि त्याचा किमान ८० टक्के भार औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला. त्याविरुद्ध औषध कंपन्या न्यायालयात गेल्या आहेत. पण पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न एकदाचा उघडपणे मांडला गेला.

भारतात जानेवारी २०२० मध्ये कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा निघाला होता. २०२१च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा गळाल्या. या अर्धशतकाचा मला दिसणारा निष्कर्ष असा, की कमतरता कोळशाची नव्हती, नियमाची आणि खर्चाच्या वाटणीची होती. जिथे ते दोन्ही ठरले तिथे जुन्या कोळशानेही पाणी स्वच्छ झाले.

महाराष्ट्रातल्या शहरांनी युरोपाची नक्कल करावी, असे मी म्हणणार नाही. जिथे सांडपाणी अजून प्रक्रियेविना नदीत जाते, तिथे आधी ती प्रक्रिया हवी. नाही तर कोळसा केवळ घाण धरण्यातच खर्ची पडेल. पण औषध कारखान्याच्या आणि मोठ्या रुग्णालयाच्या दारातच, जिथे औषधांचे प्रमाण सर्वाधिक असते, कोळशाची टाकी बसवायला आजही तंत्राची अडचण नाही. वगळलेल्या मर्यादा नियमात परत आणा, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे. आणि तोवर निदान घरातल्या उरलेल्या गोळ्या संडासात किंवा मोरीत टाकू नका.