लघवीची नळी लावून घरी आलेल्या रुग्णाची काळजी

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाल्यावर काही रुग्णांना लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, ठेवूनच घरी सोडले जाते. तुमच्या घरी असा रुग्ण येणार असेल तर रुग्णालयातून निघण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा: ही नळी कधी काढायची? मिळालेली तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. नळी आत असेपर्यंत लघवीत जंतू वाढण्याची शक्यता दररोज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. रुग्णाला उठवावे लागत नाही, सोयीचे पडते, एवढ्यासाठी नळी ठेवू नये.

घरी सर्वांत जास्त चूक होते ती पिशवीच्या बाबतीत. रिक्षात किंवा बसमध्ये नातेवाईक पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि साचलेली लघवी उलट मूत्राशयात जाते. पिशवी नेहमी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. जमिनीवर अंथरूण असेल तर हे जमतच नाही. नळी असेपर्यंत तरी खाटेची सोय करा व पिशवी खाटेच्या कडेला अडकवा. नळीला पीळ पडलेला नाही ना, ती अंगाखाली दबलेली नाही ना, हेही पाहा.

पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. आधी व नंतर साबणाने हात धुवा. तोटी भांड्याला लावू नका. नळी आणि पिशवीचा जोड घरी सोडू नका, कारण जंतू तिथूनही आत शिरतात. रोज साबण-पाण्याने ती जागा धुणे पुरेसे आहे. जंतुनाशक द्रव लावण्याची गरज नाही. डॉक्टरांनी पाणी कमी पिण्यास सांगितले नसेल तर रुग्णाला भरपूर पाणी द्या.

लघवीला नुसता वास येतो म्हणून दुकानातून अँटिबायोटिक आणून देऊ नका. मात्र थंडी वाजून ताप, कमरेत किंवा ओटीपोटात दुखणे, लघवीत रक्त, वृद्ध रुग्णाचे अचानक असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पिशवीत लघवी येणे थांबले आणि पोट फुगले तर लगेच निघा. नळी स्वतः ओढू नका. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो, त्यामुळे मोठी इजा होते.

खर्चाचे काय?

योजनेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचा त्याच आजाराचा पाठपुरावा, औषधे आणि तपासण्या येतात. नळी काढण्याची तारीख या मुदतीत असेल तर त्याच रुग्णालयात जा. पैसे मागितल्यास तेथील आरोग्यमित्राला भेटा किंवा १४५५५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा. संसर्गामुळे पुन्हा दाखल करावे लागले तर आयुष्मान कार्ड सोबत न्या. दाखल न होता बाह्यरुग्ण विभागात घेतलेले उपचार योजनेत येत नाहीत, म्हणून मुदत संपल्यावर सरकारी रुग्णालय किंवा जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर गाठा.