मिसूरी सिनॉडचे राष्ट्रीय अधिवेशन : पूर्वतयारी, सहभाग आणि बहुमताची मर्यादा

सारांश

लुथरन चर्च–मिसूरी सिनॉड ही अमेरिकेतील एक प्रमुख लुथरन धर्मसंस्था होय. तिचे राष्ट्रीय अधिवेशन सामान्यतः दर तीन वर्षांनी भरते. प्रस्तुत लेखात या अधिवेशनासाठी प्रतिनिधींची निवड कशी होते, एखादा विषय मंडळीपासून सभागृहापर्यंत कसा पोहोचतो आणि प्रतिनिधीने कोणती पूर्वतयारी करणे अपेक्षित असते, याचे विवेचन केले आहे. त्याचबरोबर १९७३ च्या न्यू ऑर्लिन्स अधिवेशनाच्या आधारे श्रद्धा आणि ज्ञान यांविषयीचे प्रश्न मतदानाने सोडविण्याच्या मर्यादांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सिनॉड, मंडळी, प्रतिनिधी, विनंती-प्रस्ताव, सभागृह समिती, बहुमत, अध्यापन-स्वातंत्र्य.

१. प्रस्तावना

धर्मसंस्था म्हटली की आज्ञा आणि आज्ञापालन यांवर उभी असलेली उतरंड आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रॉटेस्टंट परंपरेतील अनेक संस्थांच्या बाबतीत मात्र हे चित्र अपुरे ठरते. त्यांच्या कारभारात सभा, ठराव, उपसूचना, मतमोजणी आणि इतिवृत्त यांना उपासनेच्या खालोखाल स्थान आहे. एखाद्या लहान गावातील शेतकरी किंवा परिचारिका अशा सभागृहात उभी राहून धर्मशास्त्राच्या ठरावावर बोलू शकते आणि तिच्या मताचे मूल्य विद्वान पाळकाच्या मताइतकेच असते. ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते, हे समजून घेणे राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि शिक्षणशास्त्र या सर्वच विषयांच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरेल.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

मिसूरी सिनॉडच्या लोकशाही रचनेचे मूळ एका विश्वासभंगात आहे. १८३८–३९ मध्ये जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातून सहाशेहून अधिक लुथरन स्थलांतरित मार्टिन स्टेफान यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील मिसूरी राज्यात आले. स्टेफान यांना त्यांनी बिशप मानले होते आणि अमर्याद अधिकारही दिले होते. तथापि १८३९ मध्येच गैरवर्तनाच्या आरोपांवरून त्यांना पदच्युत करण्यात आले. नेतृत्व गेल्यावर या लोकांपुढे मूलभूत प्रश्न उभा राहिला : बिशप नसताना आपण ‘चर्च’ आहोत की नाही? १८४१ मध्ये आल्टेनबुर्ग येथे झालेल्या जाहीर वादात तरुण पाळक सी. एफ. डब्ल्यू. वाल्टर यांनी असे प्रतिपादन केले की, चर्चचे अस्तित्व बिशपवर अवलंबून नाही. जेथे श्रद्धावंत आहेत आणि जेथे देवाचे वचन सांगितले जाते, तेथे चर्च आहेच.

याच विचारातून १८४७ मध्ये शिकागो येथे सिनॉडची स्थापना झाली आणि वाल्टर तिचे पहिले अध्यक्ष झाले. सिनॉड ही मंडळ्यांवर कायदे लादणारी किंवा सक्ती करणारी सत्ता नसून मंडळीच्या अंतर्गत कारभारापुरती ती सल्लागार संस्था आहे, हे तत्त्व संविधानातच नमूद करण्यात आले. अधिवेशनाचे स्वरूप समजून घेताना हे तत्त्व सतत ध्यानात ठेवावे लागते, कारण येथील सर्वोच्च सभागृहाला आपले ठराव अखेर समजावूनच अमलात आणावे लागतात. ‘लुथरन चर्च–मिसूरी सिनॉड’ हे सध्याचे नाव १९४७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, स्वीकारण्यात आले.

या संस्थेचा भारताशीही संबंध आहे. तिच्या परंपरेतील मिशनरी कार्य १८९५ मध्ये दक्षिण भारतात सुरू झाले आणि त्यातूनच पुढे इंडिया इव्हँजेलिकल लुथरन चर्च ही स्वायत्त संस्था उभी राहिली.

३. प्रतिनिधी कोण असतो?

सिनॉडच्या प्रादेशिक विभागांना डिस्ट्रिक्ट म्हणतात व त्यांची संख्या ३५ आहे. डिस्ट्रिक्टमधील शेजारशेजारच्या मंडळ्यांचा गट म्हणजे सर्किट. राष्ट्रीय अधिवेशनासाठी जे निवडणूक-सर्किट ठरविले जाते, त्यात ७ ते २० मंडळ्या आणि प्रभुभोजनात सहभागी होणारे एकूण १,५०० ते १०,००० सभासद असावेत, असा नियम आहे. अशा प्रत्येक सर्किटमधून एक पाळक आणि एक सामान्य सभासद असे दोन मताधिकारी प्रतिनिधी निवडले जातात. म्हणजेच दीक्षित आणि सामान्य सभासद यांचे सभागृहातील बळ समसमान राहते. या सिनॉडमध्ये स्त्रियांना पाळकपद दिले जात नाही. मात्र १९६९ च्या डेन्व्हर अधिवेशनाने स्त्रियांच्या मताधिकाराला वाट करून दिल्यानंतर सामान्य सभासदांच्या प्रतिनिधी म्हणून स्त्रिया निवडून येऊ शकतात.

येथे एक बाब अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. सिनॉडच्या शाळांतील धर्मसेवेसाठी नियुक्त शिक्षक आणि सेमिनरीतील, म्हणजे पाळकांना प्रशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांतील, दीक्षित प्राध्यापक हे सल्लागार सभासद गणले जातात. ते सल्लागार प्रतिनिधी म्हणून अधिवेशनास उपस्थित राहू शकतात, बोलू शकतात. परंतु त्यांना मत नसते. या नियमाचे परिणाम पुढे पाहू.

आणखी एक तत्त्व महत्त्वाचे आहे. प्रतिनिधी आपल्या सर्किटचा असला तरी तो निरोप्या नव्हे. सर्किटने विशिष्ट मत देण्याची अट त्याच्यावर घालणे अपेक्षित नाही. चर्चा ऐकून, सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याची मुभा त्याला असते. प्रतिनिधीने लोकांचा निरोप पोहोचवावा की स्वतःचा विवेक वापरावा, हा राज्यशास्त्रातील जुना वाद. येथे त्याचे उत्तर विवेकाच्या बाजूने दिलेले आढळते.

४. विषयाचा प्रवास : मंडळीपासून सभागृहापर्यंत

अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या विषयाचे पहिले रूप म्हणजे विनंती-प्रस्ताव. तो कोणत्याही व्यक्तीला स्वतःच्या नावाने पाठविता येत नाही. मंडळी, सर्किटची सभा, डिस्ट्रिक्टचे अधिवेशन किंवा संचालक मंडळ, सिनॉडची मंडळे व आयोग, तसेच शैक्षणिक संस्थांचा अध्यापकवर्ग यांनाच तो अधिकार आहे. त्यामुळे एखाद्या सभासदाला काही बदल हवा असेल, तर त्याला प्रथम आपल्या मंडळीची संमती मिळवावी लागते. वैयक्तिक तक्रारीचे सार्वजनिक प्रश्नात रूपांतर होण्याची ही पहिली चाळणी होय.

सर्व अहवाल आणि विनंती-प्रस्ताव एकत्र करून अधिवेशनाची कार्यपुस्तिका काही महिने आधी प्रसिद्ध केली जाते. हा ग्रंथ शेकडो पृष्ठांचा असतो. त्यातील विषयांची वाटणी अध्यक्षांनी नेमलेल्या सभागृह समित्यांकडे होते. या समित्या अधिवेशनापूर्वी एकत्र बसतात आणि एकाच विषयावरील अनेक, प्रसंगी परस्परविरोधी, प्रस्तावांतून एक ठराव तयार करतात. काही प्रस्ताव फेटाळण्याची, तर काही संबंधित मंडळाकडे सोपविण्याची शिफारस होते व अशा प्रस्तावांचा एकत्रित ठराव मांडला जातो. समित्यांचे मसुदे कामकाज-पत्रिकेतून प्रतिनिधींपर्यंत पोहोचतात.

सभागृहात कोणता विषय येईल आणि कोणत्या शब्दांत येईल, हे ठरविण्यात समित्यांचा वाटा मोठा असतो. समित्या नेमणाऱ्या अध्यक्षांच्या हाती त्यामुळे बरीच सूत्रे एकवटतात, असा आक्षेप घेता येतो. त्यावर उपाय म्हणून अधिवेशनाच्या प्रारंभी समित्यांच्या खुल्या सुनावण्या ठेवल्या जातात. तेथे प्रतिनिधी मसुद्यातील शब्दावर, कारणमीमांसेवर हरकत घेऊ शकतात. सभागृहात दोन मिनिटांच्या भाषणाने जे साधत नाही, ते सुनावणीत एका शब्दाच्या दुरुस्तीने साधण्याची शक्यता अधिक असते.

अध्यक्षांच्या निवडणुकीची पद्धतही २०१० च्या ह्यूस्टन अधिवेशनाने बदलली. पूर्वी अधिवेशनातच होणारी ही निवडणूक २०१३ पासून अधिवेशनाच्या काही आठवडे आधी इलेक्ट्रॉनिक मतदानाने होऊ लागली. नामनिर्देशन मंडळ्या करतात आणि सर्वाधिक नामनिर्देशने मिळालेल्या उमेदवारांमधून निवड होते.

५. प्रतिनिधीची पूर्वतयारी आणि सहभाग

वरील प्रक्रियेवरून प्रतिनिधीचे काम सभागृहात प्रवेश करण्याच्या कितीतरी आधी सुरू होते, हे स्पष्ट होते. या तयारीचे चार भाग सांगता येतील.

(अ) वाचन : संपूर्ण कार्यपुस्तिका सारख्याच बारकाईने वाचणे कोणालाही शक्य नसते. म्हणून प्रथम अर्थसंकल्प, संविधान-दुरुस्ती आणि धर्मसिद्धान्त यांविषयीचे प्रस्ताव वेगळे काढावेत आणि मूळ विनंती-प्रस्ताव व समितीचा मसुदा शेजारी ठेवून ताडून पाहावेत. समितीने काय गाळले, हे काय ठेवले याइतकेच बोलके असते.

(आ) श्रवण : सर्किटमधील मंडळ्यांना भेटून त्यांचे म्हणणे ऐकणे आवश्यक ठरते. प्रतिनिधी त्यांच्या मताने बांधलेला नसला तरी त्या मताविषयी त्याने अनभिज्ञ राहणे क्षम्य नाही.

(इ) सभाशास्त्राचा परिचय : कामकाज सिनॉडच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे व रॉबर्ट यांच्या सभासंचालन-नियमांनुसार चालते. हेन्री मार्टिन रॉबर्ट हे अमेरिकी सैन्यातील अभियंते होते. एका चर्चमधील सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारल्यावर ती आपल्याला नीट चालविता आली नाही, या अनुभवातून ते या विषयाकडे वळले आणि १८७६ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. उपसूचना केव्हा मांडावी, हरकतीचा मुद्दा म्हणजे काय, चर्चा थांबविण्याच्या प्रस्तावाला दोन-तृतीयांश मते का लागतात, हे ठाऊक नसलेला प्रतिनिधी सभागृहात असूनही नसल्यासारखाच असतो. चर्चा थांबविणे म्हणजे इतरांचा बोलण्याचा हक्क संपविणे. म्हणूनच त्यासाठी साधे बहुमत पुरत नाही.

(ई) मनाची तयारी : अधिवेशनाचा आरंभ उपासनेने होतो आणि कामकाजाच्या दिवसांतही प्रार्थना व शास्त्रपठण असते. ज्याच्याविरुद्ध सकाळी मत द्यायचे, त्याच्या शेजारी बसून प्रार्थना करायची, हा अनुभव राजकीय पक्षाच्या अधिवेशनापेक्षा निश्चितच निराळा असतो.

अधिवेशन संपले तरी प्रतिनिधीची जबाबदारी संपत नाही. मंजूर ठराव आपल्या सर्किटला समजावून सांगणे हेही त्याचे कर्तव्य असते. सक्तीचा अधिकार नसलेल्या संस्थेत ठरावाचे आयुष्य या समजावणीवरच अवलंबून राहते.

६. न्यू ऑर्लिन्स, १९७३ : बहुमताची कसोटी

ही व्यवस्था ताणाखाली कशी वागते, हे पाहण्यासाठी जुलै १९७३ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे भरलेले अधिवेशन महत्त्वाचे आहे. सेंट लुईस येथील कॉन्कॉर्डिया सेमिनरीतील बहुसंख्य प्राध्यापक बायबलच्या अभ्यासात ऐतिहासिक-चिकित्सक पद्धतीचा वापर करीत होते. ग्रंथाची रचना, काळ आणि साहित्यप्रकार यांचा शोध घेणारी ही पद्धती शास्त्राच्या अधिकारालाच बाधा आणते, असे १९६९ मध्ये अध्यक्षपदी निवडून आलेल्या जे. ए. ओ. प्रॉइस यांचे व त्यांच्या समर्थकांचे मत होते. प्राध्यापकांच्या मते ती त्याच शास्त्राच्या आकलनाचे साधन होती.

अधिवेशनाने प्रॉइस यांचे शास्त्रविषयक निवेदन ५६२ विरुद्ध ४५५ मतांनी स्वीकारले. त्यानंतर बहुसंख्य प्राध्यापकांच्या भूमिकेचा निषेध करणारा आणि ती चर्चमध्ये सहन करण्याजोगी नाही असे ठरविणारा ठराव ५७४ विरुद्ध ४५१ मतांनी संमत झाला. ज्यांच्या अध्यापनाचा निवाडा होत होता, त्या प्राध्यापकांना मात्र मत नव्हते. जानेवारी १९७४ मध्ये सेमिनरीचे अध्यक्ष जॉन टीटजेन यांना निलंबित करण्यात आले. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी बहुसंख्य अध्यापक व विद्यार्थी परिसर सोडून बाहेर पडले. त्यांनी ‘निर्वासित सेमिनरी’ चालविली. १९७६ मध्ये या मतप्रवाहातील मंडळ्यांनी स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि ही संस्था पुढे १९८८ मध्ये अस्तित्वात आलेल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिकामध्ये विलीन झाली.

या घटनेचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. आपल्या पाळकांना काय शिकविले जावे, हे ठरविण्याचा अधिकार त्या शिक्षणाचा खर्च करणाऱ्या आणि पुढे त्या पाळकांचे प्रवचन ऐकणाऱ्या मंडळ्यांना नाही काय? हा प्रश्न सहज बाजूला सारता येणार नाही. दुसरीकडे, सुमारे ५६ टक्के मतांनी एखादी संशोधनपद्धती असत्य ठरते काय, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. मतदानाने संस्था कोणत्या दिशेने जाईल हे ठरते. कोण बरोबर आहे, हे त्याने सिद्ध होत नाही. न्यू ऑर्लिन्स येथे या दोन गोष्टींतील अंतर पुसले गेले आणि त्याची किंमत दोन्ही पक्षांना मोजावी लागली.

विशेष बहुमताची अट घातल्याने हा प्रश्न पूर्णपणे सुटतो, असेही नाही. इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिकाच्या २००९ च्या मिनियापोलिस येथील सभेत मानवी लैंगिकतेविषयीचे सामाजिक निवेदन ६७६ विरुद्ध ३३८ मतांनी, म्हणजे नेमक्या दोन-तृतीयांश मतांनी, संमत झाले. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर ते फेटाळले गेले असते. याच सभेतील निर्णयांनंतर अनेक मंडळ्या बाहेर पडल्या आणि २०१० मध्ये नॉर्थ अमेरिकन लुथरन चर्च ही वेगळी संस्था निर्माण झाली.

मिसूरी सिनॉडच्या आजच्या नियमांत याबाबत काही खबरदारी दिसते. संविधान-दुरुस्तीसाठी अधिवेशनातील दोन-तृतीयांश मतांनंतर मंडळ्यांचीही दोन-तृतीयांश मतांनी मान्यता लागते. धर्मसिद्धान्तविषयक निवेदने मंडळ्यांकडे अभ्यासासाठी पाठविण्याची आणि अधिवेशनानंतर पुन्हा त्यांच्या अनुमोदनासाठी ठेवण्याची तरतूद आहे. निर्णय लांबणीवर पडतो, परंतु तो समजून घेण्यास सर्वांना अवधी मिळतो.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, राष्ट्रीय अधिवेशन ही काही दिवसांची घटना असली तरी तिची प्रक्रिया तीन वर्षांची असते. तिचे यश सभागृहातील वक्तृत्वापेक्षा मंडळीतील पहिली चर्चा, कार्यपुस्तिकेचे वाचन आणि परतल्यावर केलेले निवेदन यांवर अधिक अवलंबून असते. बिशपच्या अमर्याद सत्तेला कंटाळलेल्या लोकांनी ही व्यवस्था उभारली. सव्वाशे वर्षांनंतर त्याच व्यवस्थेतील बहुमताने आपल्या अध्यापकांना दूर केले. सत्ता एकाच्या हाती असो वा सभागृहाच्या, तिला मर्यादा हवीच, हा या इतिहासाचा बोध होय.

अध्यापक म्हणून आपणही अभ्यासमंडळांच्या व परिषदांच्या बैठकांना जातो आणि कार्यक्रमपत्रिका पुष्कळदा बैठकीच्या खोलीतच प्रथम उघडतो. हात वर करण्यापूर्वी मसुदा वाचणे आणि ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्याचे म्हणणे ऐकणे, एवढी शिस्त पाळली तरी आपल्या ठरावांचे मोल वाढेल.