कलम बांधणारा हात गावातच हवा

परभणी जिल्ह्यात कापडाचा हंगाम कपाशीवर चालतो, हे आम्हा व्यापाऱ्यांना कोणी सांगावे लागत नाही. कापूस विकला की लग्नाचा बस्ता बांधला जातो, कापूस गेला की उधारीची वही जाड होते. दुसरे पीक, दुसऱ्या वेळी येणारा पैसा, ही बाजाराचीही गरज आहे. म्हणून फळबागेवर चार शब्द लिहीत आहोत.

योजनांची कमतरता नाही. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, 2018 साली भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची. या दुसरीचे अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे ठरले. अट अशी की पहिल्या वर्षी 80 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 90 टक्के झाडे जिवंत हवीत. रोप मेले की हप्ताही अडकला!

मग झाडे जगवायची कोणी? आपली काळी माती पाणी धरून ठेवते. कपाशीला ते चालते, मोसंबीला नाही. बुंध्याला सतत ओल लागली की डिंक्या धरतो आणि झाड वाळते. उपाय फार खर्चाचा नाही. बुंध्याजवळ कोरडी जागा ठेवून बाहेरच्या आळ्यातच पाणी द्यावे. बुंध्याला बोर्डो मलम लावावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. लागवड करताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहील हे पाहावे. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणे मात्र पुस्तक वाचून येत नाही. ते शिलाईसारखे हाताचे हुनर आहे, उस्तादाजवळ बसूनच येते.

असे उस्ताद परभणीत आहेत. 18 मे 1972 रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ (2013 पासून वसंतराव नाईक यांच्या नावाचे) शहराला लागूनच आहे. त्याचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कृषीदूत, कृषीकन्या म्हणून गावोगाव जातात, प्रात्यक्षिके दाखवतात. काम चांगले आहे. पण सत्र संपले की ते परततात आणि डिंक्या त्यानंतरही येतोच.

आमच्या मते प्रत्येक गावाने आपले दोन स्वयंसेवक तयार करावेत, जमीन नसलेल्या घरातलेही, मुलगी असली तरी उत्तम. त्यांनी डोळा भरणे, छाटणी, मलम शिकून शेजाऱ्यांच्या बागा पाहाव्यात. पुढे रोपवाटिका काढली तर त्यांचा रोजगारही होईल. मात्र 1969 च्या कायद्याप्रमाणे तिला परवाना लागतो, हे विसरू नये.

शिकण्याच्या दिवसांत त्यांची मजुरी बुडेल. ती मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी उचलावी. वर्षाला दोन-चार मुलांचा खर्च आपल्या बाजाराला जड नाही, आणि बाग टिकली तर गिऱ्हाईक आपलेच आहे. खड्डे उन्हाळ्यात खणले जातात, तेव्हा नावे त्याआधीच ठरावीत.