कोंबडीच्या पोटातले उपयुक्त जंतू कसे तगतात?



कोंबडीखाद्याच्या दुकानात ‘प्रोबायोटिक’ची पाकिटे मिळतात. त्यात औषध नसते, जिवंत उपयुक्त जंतू असतात. ते पोटात पोचण्याआधीच मेले तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. तेव्हा हे जंतू कुठे मरतात नि कुठे तगतात, ते पाहू या.

जंतू द्यायचे कशाला?

खुडूक कोंबडीखाली निघालेले पिलू आईबरोबर टोचत फिरते. तिच्या विष्ठेतले जंतू आपोआप त्याच्या पोटात जातात. उबवणी यंत्रातल्या पिलाला आई नसते. त्याचे आतडे म्हणजे मोकळे रान, आणि मोकळ्या रानात तण आधी माजते. फिनलंड देशात १९७१ साली मांसल कोंबड्यांत साल्मोनेला हा रोगजंतू फैलावला होता. तेथील नुर्मी व रांताला या शास्त्रज्ञांनी १९७३ साली दाखवून दिले, की मोठ्या निरोगी पक्ष्यांच्या आतड्यातले जंतू नवजात पिलांना दिले तर साल्मोनेलाला जागा मिळत नाही.

चोचीपासून आतड्यापर्यंत

पहिला मुक्काम गळ्याखालची पिशवी. इथे दाणा भिजतो. दही लावणाऱ्या जंतूंच्या कुळातले लॅक्टोबॅसिलस जंतू इथल्या सौम्य आंबटपणात सुखाने राहतात. काही तर पिशवीच्या अस्तराला चिकटून वस्ती करतात.

पुढे जठर आणि पेषणी, म्हणजे कलेजीबरोबर आपण घेतो तो पेठा. इथे तीव्र आम्ल असते. माती परीक्षणात आपण जो सामू पाहतो, तो इथे साधारण २ ते ४ असतो. नाजूक जंतू इथेच मरतात. जे टिकतात ते आत शिरणारे आम्ल सारखे बाहेर ढकलत राहतात. खाद्यामुळे आम्लाचा जोर कमी होतो, म्हणून खाद्याबरोबर गेलेला जंतू जास्त तगतो.

त्यापुढे लहान आतड्यात पित्त. पित्त चरबी फोडते, तसेच जंतूचे आवरणही फोडते. काही जातींकडे पित्ताचा जोर मोडणारा रस असतो, त्या पार होतात. तरीही आतड्याला धरून राहिले नाहीत, तर खाद्याबरोबर काही तासांत विष्ठेतून बाहेर! म्हणून कोंबडीच्याच आतड्यातून निवडलेल्या जाती सहसा सरस ठरतात.

समजा, १० कोटी जंतू दिले आणि हजारातला एकच वाचला, तरी १ लाख पोचतात. पण मुळातच मेलेले दिले, तर पोचणार काय?

बियाण्यासारखे जंतू

बॅसिलस जातीचे जंतू बीजाणू करतात. बीजाणू म्हणजे कठीण कवचातले बीच. ते आम्लाला दाद देत नाहीत, गोळीखाद्य करतानाची वाफही बरीच सोसतात आणि आतड्यात गेल्यावर उगवतात. मात्र ते कायम वस्ती करीत नाहीत, म्हणून खाद्यातून रोज द्यावे लागतात.

आपण काय करावे?

१. पाकिटावर जंतूचे नाव, जिवंत संख्या व मुदत पाहूनच घ्या. पाकीट सावलीत, थंड व कोरड्या जागी ठेवा.

२. कढत दुधात विरजण घातले तर दही लागत नाही. तसेच हे जंतू गरम पाण्यात किंवा गरम खाद्यात मिसळू नका.

३. ब्लिचिंग पावडर टाकलेले पाणी वापरू नका. ती रोगजंतू मारते, तशी हे जंतूही मारते. लसीसाठी जसे साधे स्वच्छ पाणी घेता, तसेच घ्या.

४. पाण्यातून द्यायचे तर पक्षी काही तासांत संपवतील एवढेच कालवा. रात्रभर ठेवू नका.

५. पिले आली त्याच दिवसापासून सुरुवात करा.

६. प्रतिजैविक औषध चालू असताना देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेला औषधाचा क्रम पुरा झाल्यावर द्या.

ताक-दही पाजले की झाले, असे काही जण मानतात. पण दह्यातले बरेच जंतू कोंबडीच्या पोटात टिकून राहत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मानमोडी, गंबोरो हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांना लसच हवी. ओली गादी आणि घाण पाणीही पाकिटाने सुधारत नाही. पिले मरू लागली तर पाकिटावर विसंबू नका. मेलेले पिलू घेऊन लगेच जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.